भिलाईभोवतीची देवळं – लेखांक ४ : सिरपूरच्या विटा

१९५५ च्या फेब्रुवारीत भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. त्याच वर्षी कलचुरी-चेदी संवतातल्या कोरीव लेखांचा वा. वि. मिराशींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. मिराशी नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. आणि त्याच सुमारास डॉ. मो. गं. दीक्षित सागर विद्यापीठाच्या वतीने महानदीकाठच्या सिरपूरला उत्खनन करत होते. भिलाईत भट्टी उभी राहिली ती सगळ्या देशाला माहीत आहे. या दोन मराठी माणसांनी त्याच मुलखाचा हजार-बाराशे वर्षांचा इतिहास वाचून काढला, हे मात्र भिलाईतल्या मराठी घरांतही फारसं बोललं जात नाही. आजचा लेखांक म्हणूनच त्यांच्या वाटेने जाणारा आहे.

सुरुवात घराजवळूनच करू. भिलाई-३ पासून थोड्याच अंतरावर देवबलोदा आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावरून रोज हजारो लोक या गावाजवळून जातात. तिथलं शिवमंदिर तेराव्या शतकाच्या आसपासचं, कलचुरी राजांच्या काळातलं, आणि आता पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. शिखराचा वरचा भाग नाही. गाभारा मंडपापेक्षा खोल असल्याने पायऱ्या उतरून शिवलिंगापाशी जावं लागतं. बाहेरच्या भिंतींवर हत्ती आहेत, शिकारीची दृश्यं आहेत, नाचणारी माणसं आहेत. लोक याला ‘छमासी मंदिर’ म्हणतात, कारण सहा महिन्यांत ते बांधलं अशी गावाची श्रद्धा. कारागीर रात्री विवस्त्र होऊन काम करायचा, एका रात्री बायकोऐवजी बहीण जेवण घेऊन आली, आणि लाजेने त्याने शेजारच्या कुंडात उडी घेतली. म्हणून शिखर अपुरं राहिलं, असं गावकरी सांगतात. महाशिवरात्रीला इथे जत्रा भरते. त्या गर्दीत जाण्यापेक्षा एखाद्या साध्या दिवशी सकाळी जा. भिंतीवरची कोरीव कामं बघायला तिरपं ऊन लागतं, दुपारच्या उन्हात ती सपाट दिसतात.

देवबलोद्याचं देऊळ दगडाचं आहे. छत्तीसगडातली आणखी जुनी देवळं बघायला निघालं, की अनेकदा दगडाच्या जागी वीट येते. ही गोष्ट नीट समजली तर सिरपूर कळतं.

भिलाईहून रायपूर साधारण ३० किलोमीटर, आणि तिथून सिरपूर सुमारे ८० किलोमीटर. जुनं नाव श्रीपूर. पांडुवंशी राजांची ही राजधानी. इथलं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं मानतात. ते उभारलं वासटा या राणीने, आपले दिवंगत पती हर्षगुप्त यांच्या स्मरणार्थ. ती मगधाच्या सूर्यवर्म्याची मुलगी. महाशिवगुप्त बालार्जुन हा तिचा मुलगा. आज देवळाला लक्ष्मणाचं नाव असलं तरी मूळ ते विष्णूचं. दगडी द्वारपट्टीवर शेषशायी विष्णू आहे आणि चौकटीवर अवतार. ही चौकट दगडी, पण तिच्याभोवतीचं आणि वरचं सगळं शिखर विटांचं. मातीच्या विटांत खोटी गवाक्षं, कमानी, जाळीचे भास असे बारीक कोरले आहेत की लांबून ते दगडच वाटावेत. विटा रचून झाल्यावर त्यांच्यावर छिन्नी चालवली आहे. भाजलेल्या विटेत एखादा टवका जरी जास्त उडाला तरी तो भरून काढणं कठीण. त्यामुळे या कारागिरांच्या हाताबद्दल मला अपार आदर वाटतो. समोरचा मंडप पडला, त्याच्या खांबांचे बुंधे तेवढे उरलेत. शिखर मात्र उभं आहे.

ही माहिती कुठून आली? याच देवळापाशी सापडलेल्या शिलालेखातून. राणीचं नाव, तिचं माहेर, तिचं वैधव्य, पुजाऱ्यांसाठी दिलेली गावं, सगळं त्यात लिहिलेलं आहे. दीक्षितांच्या उत्खननात असाच एक लेख मिळाला, तो आनंदप्रभू नावाच्या भिक्षूचा. बालार्जुनाच्या राज्यात त्याने विहार बांधला आणि भिक्षूंच्या जेवणाची सोय केली. राजा शिवभक्त, त्याची आई विष्णुभक्त आणि राजधानीत बौद्ध विहार. चिनी प्रवासी ह्युएनत्संग दक्षिण कोसलात, म्हणजे याच मुलखात, आला होता, आणि त्याने पाहिलेली राजधानी हीच असावी असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. आनंदप्रभू कुटी विहारात भूमिस्पर्श मुद्रेतल्या बुद्धाची मोठी मूर्ती आजही आपल्या जागी आहे. थोडा वेळ काढून तिच्यासमोर बसा. घाईत सिरपूर बघण्यात अर्थ नाही.

राजिम हे दुसरं ठिकाण, रायपूरहून साधारण ४५ किलोमीटर. महानदी, पैरी आणि सोंढूर यांच्या संगमाचं हे गाव, आणि इथल्या राजीवलोचन मंदिरात पूजा अजून रोज चालते. मिराशींच्या ग्रंथातला जगपालाचा लेख इथलाच. त्यात कलचुरी संवत ८९६ आहे, म्हणजे इ. स. ११४५. नुसत्या ८९६ या आकड्यावरून लेख कधीचा ते कळणार कसं? तो संवत कधी सुरू झाला हे आधी माहीत असावं लागतं, आणि त्याचा आरंभ इ. स. २४८-४९ च्या सुमारास झाला हे अभ्यासकांनी तिथी, वार आणि ग्रहणं ताडून काढलं. मिराशींनी अशी अनेक गणितं मांडून दिली, त्यामुळेच आज राजिमच्या भिंतीसमोर उभं राहून आपण निश्चिंतपणे साल सांगू शकतो.

परतीच्या वाटेवर रायपूरचं महंत घासीदास संग्रहालय चुकवू नका. १८७५ साली राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या देणगीतून ते सुरू झालं. सतनामी पंथाचे गुरू घासीदास वेगळे, दोघांची गल्लत पुष्कळ जण करतात. सध्याच्या इमारतीचं उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी केलं. सिरपूरच्या देवळाचा तो शिलालेख आणि तिथे सापडलेल्या धातुमूर्ती बघायच्या तर इथेच यावं लागतं. या मूर्तींच्या ठेव्यातली एक अतिशय सुंदर तारा आज अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या कलासंग्रहालयात आहे. ती इथून गेली याचं दुःख वाटतं. ज्या राहिल्या आहेत त्या मूर्तींसमोर मात्र सहसा कुणी नसतं.

एकाच दिवसात हे सगळं होणार नाही. एक दिवस देवबलोदा आणि रायपूरचं संग्रहालय, दुसरा पूर्ण दिवस सिरपूर, आणि माघ पौर्णिमेच्या मेळ्याची गर्दी नको असेल तर राजिम इतर वेळी. उन्हाळ्यात सिरपूरला सावली फार कमी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

पुढच्या आठवड्यात भोरमदेव, आणि नागपूरकर भोसल्यांच्या बिंबाजींनी रतनपूरच्या रामटेकडीवर बांधलेलं राममंदिर.