साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि तांबड्या पेशींचे आयुष्य

उपाशीपोटी केलेली तपासणी त्या सकाळची साखर सांगते. तपासणीपूर्वी चार दिवस पथ्य पाळून आकडा खाली आणणारे रुग्ण आपल्या परिचयात असतातच. एचबीए१सी या चाचणीपुढे ही युक्ती चालत नाही.

रक्तातील ग्लुकोज तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनला चिकटते व पेशी नष्ट होईपर्यंत बव्हंशी तसेच राहते. पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असल्याने चाचणीत मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी उमटते. त्यातही शेवटच्या महिन्याचा वाटा जवळजवळ निम्मा असतो. मधुमेहींच्या रक्तातील हे वेगळे हिमोग्लोबिन तेहरानचे सॅम्युएल रहबर यांनी १९६८ मध्ये नोंदवले. एचबीए१सी ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४ मिलिग्रॅम. निदानासाठी ६.५ टक्के ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मान्य केली.

हा सारा हिशेब पेशी पूर्ण आयुष्य जगते या गृहीतकावर उभा आहे. मध्य भारतात हे गृहीतक तपासून घ्यावे लागते. मध्य प्रदेशच्या आदिवासी जिल्ह्यांत व विदर्भात सिकलसेल आढळतो. त्याच्या निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथूनच सुरू झाले. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी लवकर फुटतात, त्यांना साखर चिकटण्यास पुरेसा वेळच मिळत नाही. शिवाय एचबीए१सी ज्यापासून बनते ते नेहमीचे हिमोग्लोबिनच त्याच्या रक्तात नसते. तेव्हा भोपाळच्या प्रयोगशाळेतून अशा रुग्णाला ५.८ असा आकडा मिळाला, तर त्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. केवळ वाहक असलेल्यांच्या बाबतीत मात्र योग्य पद्धत वापरल्यास चाचणी चालते; पद्धत कोणती, हे प्रयोगशाळेला विचारावे.

लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात उलट घडते. पेशी अधिक काळ टिकतात व आकडा खोटाच वाढतो. आपल्या विद्यार्थिनींच्या मातांमध्ये हा प्रकार अधिक संभवतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर तो आकडा घसरतो, आणि त्याचे श्रेय मधुमेहाच्या औषधाला दिले जाते!

सरासरीत आणखी एक गोष्ट लपते. रमजानमध्ये दुपारी साखर फार खाली व इफ्तारनंतर फार वर गेली, तरी एचबीए१सी ठीकच दिसू शकते. तेथे ग्लुकोमीटरच हवा; बोटाला सुई टोचून तपासल्याने रोजा मोडत नाही, असे बहुतेक उलेमांचे मत आहे.

शंका असेल तेथे डॉक्टर फ्रुक्टोसामाइन चाचणी सुचवतात. ती रक्तातील प्रथिनांवर आधारलेली असून मागील दोन-तीन आठवड्यांचीच साखर सांगते. निदान एचबीए१सीच्या अहवालाशेजारी हिमोग्लोबिनचा अहवाल ठेवूनच दोन्ही वाचावेत.