हॅस्केलच्या निमित्ताने : संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना फंक्शनल प्रोग्रॅमिंगची ओळख

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात विद्यार्थ्याची पहिली भाषा बहुधा सी असते. त्यानंतर सी++, जावा अथवा पायथन येते. भाषा बदलल्या तरी विचार करण्याची रीत फारशी बदलत नाही. स्मृतीतील एका कप्प्यात संख्या ठेवावी, ती वाचावी, बदलावी आणि पुन्हा त्याच कप्प्यात ठेवावी, ही ती रीत होय. याहून निराळी अशी फंक्शनल प्रोग्रॅमिंग नावाची पद्धती आहे. तिची ओळख हॅस्केल या विद्यार्थ्यांना सर्वस्वी नव्या असलेल्या भाषेतून कशी करून देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनास पदवीच्या वर्गात हा विषय शिकविताना आलेल्या अनुभवाचा आधार आहे. वाचकांत अन्य विषयांचे प्राध्यापकही असल्याने उदाहरणांतील नावे मराठीत दिली आहेत. चिन्हे मात्र मूळ भाषेतीलच आहेत.

‘क्ष = क्ष + १’

शाळेत बीजगणित शिकलेल्या मुलाला ‘क्ष = क्ष + १’ हे समीकरण दिले, तर त्याला उकल नाही असे तो सांगेल. तोच मुलगा महाविद्यालयात सी शिकू लागला की पहिल्या पंधरवड्यात ही ओळ निमूटपणे लिहू लागतो. येथे ‘=’ या चिन्हाचा अर्थ ‘बरोबर’ असा नसून ‘उजवीकडची किंमत काढून डावीकडच्या कप्प्यात ठेव’ असा आहे, हे त्याला सांगितले जाते आणि तो ते मान्य करतो. पण या मान्यतेची किंमत मोठी आहे. ‘क्ष’ची किंमत आता त्या ओळीपूर्वी काय घडले यावर अवलंबून राहते. समीकरणात किंमत ठेवून पुढे जाण्याची, शाळेत सात-आठ वर्षे घोटलेली सवय येथे निरुपयोगी ठरते. प्रोग्रॅम समजून घ्यायचा तर यंत्राप्रमाणे एकेक पायरी चालवून पाहावी लागते, आणि ज्याला ते साधत नाही तो प्रोग्रॅम पाठ करतो. प्रात्यक्षिक परीक्षेत यादीतील संख्यांची बेरीज करणारा प्रोग्रॅम बिनचूक लिहिणाऱ्या एका विद्यार्थ्यास मी ‘आता केवळ सम संख्यांची बेरीज कर’ असे सांगितले, तेव्हा तो गोंधळून गेला. जर्नलमध्ये तो प्रोग्रॅम नव्हता.

हॅस्केलमध्ये ‘=’ या चिन्हाला त्याचा बीजगणितातील अर्थ परत मिळतो. एकदा दिलेली किंमत बदलत नाही. ‘क्ष = क्ष + १’ अशी व्याख्या लिहिता येते, परंतु ‘क्ष’ची किंमत विचारली तर उत्तर कधीच येत नाही. वर्गात ही गोष्ट प्रत्यक्ष करून दाखवावी.

संख्यांच्या यादीची बेरीज हॅस्केलमध्ये दोन समीकरणांत मांडली जाते :

बेरीज [] = ०
बेरीज (प : उ) = प + बेरीज उ

रिकाम्या यादीची बेरीज शून्य. आणि पहिला घटक ‘प’ व उरलेली यादी ‘उ’ असेल, तर बेरीज म्हणजे ‘प’ अधिक ‘उ’ची बेरीज. हा प्रोग्रॅम कसा चालतो हे समजण्यासाठी किंमत ठेवण्यापलीकडे काही लागत नाही :

बेरीज [४, ७, २]
= ४ + बेरीज [७, २]
= ४ + (७ + बेरीज [२])
= ४ + (७ + (२ + बेरीज []))
= ४ + (७ + (२ + ०))
= १३

हे फळ्यावर सावकाश करावे. रिकर्शन म्हणजे फंक्शनने स्वतःचाच आधार घेणे. ही कल्पना सी शिकविताना सर्वांत अवघड समजली जाते आणि म्हणून शेवटी येते. येथे ती पहिल्याच आठवड्यात आणि फारशी धास्ती न घेता येते, कारण स्मृतीत काय घडते या चित्राची गरजच उरत नाही.

पार्श्वभूमी

या विचाराचे मूळ अलोंझो चर्च यांनी १९३० च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमध्ये आहे. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये लिस्प भाषेवरील काम सुरू केले. ज्यांच्या नेतृत्वाखाली फोरट्रान ही भाषा तयार झाली, त्या जॉन बॅकस यांनी १९७७ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात स्वतःच्या घराण्यातील भाषांवरच टीका करून फंक्शनल पद्धतीचा पुरस्कार केला. १९८७ मध्ये एक समिती स्थापन होऊन १९९० मध्ये हॅस्केलचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून भाषेचे नाव ठेवण्यात आले.

भाषा नवीच का?

पायथनमध्येही फंक्शन दुसऱ्या फंक्शनला देता येते. मग नवी भाषा कशासाठी, असा प्रश्न सहकारी नेहमी विचारतात. माझा अनुभव असा की पायथनमध्ये पळवाट मोकळी असते. अडचण आली की विद्यार्थी लगेच लूपकडे वळतो आणि जुन्या सवयीत परततो. हॅस्केलमध्ये लूपच नाही. दुसरे असे की पहिल्या वर्षाच्या वर्गात बारावीला संगणकशास्त्र घेऊन थोडे सी++ शिकलेले आणि कळफलकाला प्रथमच हात लावणारे, असे दोन्ही विद्यार्थी शेजारी बसतात. भाषा सर्वांनाच अपरिचित असली की हे अंतर बरेच कमी होते. किंबहुना पूर्वी काही न शिकलेला, पण गणितात बरा असलेला विद्यार्थी पुढे जातो.

टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिन येथील विभागात प्रारंभिक अभ्यासक्रमातून हॅस्केल काढून जावा आणण्याचे ठरत असता, एड्सगर डायक्स्ट्रा यांनी २००१ मध्ये विद्यापीठास पत्र लिहून त्यास विरोध केला होता. फंक्शनल प्रोग्रॅमकडे गणिती वस्तू म्हणून पाहणे सोपे जाते, त्यामुळे प्रोग्रॅमविषयी काटेकोर युक्तिवाद कसा करावा हे शिकविता येते, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. भाषा बदलण्याचा निर्णय मात्र फिरला नाही.

वर्गातील क्रम

रिकर्शननंतर लगेच, यादीवर काम करणारी तीन फंक्शने शिकवावीत. ‘प्रत्येकी’ हे दिलेले फंक्शन यादीतील प्रत्येक घटकास लावते; ‘निवड’ अटीत बसणारे घटक ठेवते; ‘घडी’ संपूर्ण यादीची घडी घालून एक किंमत देते. वर्गाच्या गुणांची यादी हे उत्तम उदाहरण आहे. उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या गुणांची बेरीज अशी लिहिता येते :

घडी (+) ० (निवड (>= ४०) गुण)

वर उल्लेखिलेला सम संख्यांचा प्रश्न येथे अट बदलताच सुटतो. बेरजेऐवजी गुणाकार हवा असेल, तर अधिकाच्या जागी गुणिले आणि शून्याच्या जागी एक. दोन प्रोग्रॅमांतील साम्य प्रथमच नजरेस पडते, आणि प्रत्येक प्रोग्रॅम स्वतंत्रपणे पाठ करण्याचे प्रयोजन राहत नाही.

वाणिज्य शाखेच्या सहकाऱ्यांना हे सारे परके वाटण्याचे कारण नाही. एक्सेलच्या पानावरील प्रत्येक सूत्र इतर चौकटींच्या किमतींवरून स्वतःची किंमत ठरवते. कोणते सूत्र आधी आणि कोणते नंतर, हे आपण सांगत नाही. अर्थात स्प्रेडशीट वापरणारा कारकून नकळत फंक्शनल प्रोग्रॅमिंगच करीत असतो.

दोन गोष्टी टाळाव्यात असे मी आग्रहाने म्हणेन. पहिली, दोन-तीन ओळींतील ‘क्विकसॉर्ट’. हॅस्केलची ओळख करून देताना तो हमखास दाखविला जातो आणि वर्ग थक्कही होतो. परंतु टोनी होअर यांच्या मूळ रीतीचे मर्म घटकांची अदलाबदल त्याच जागेत करण्यात आहे, आणि या लहानग्या रूपात प्रत्येक टप्प्यावर नव्या याद्या तयार होतात. हे न सांगता तो दाखविणे म्हणजे विक्रेत्याची चलाखी होय. दुसरी गोष्ट मी स्वतः केलेल्या चुकीतून शिकलो. प्रथम हा विषय शिकविला तेव्हा दुसऱ्याच तासाला ‘कळफलकावरून संख्या कशी घ्यायची?’ असे एका विद्यार्थ्याने विचारले, आणि मी उत्साहाने मोनाडचे विवेचन सुरू केले. पुढील तीन तास वर्ग माझ्याकडे पाहत राहिला. वह्यांत मात्र काही उतरले नाही. आता पहिले चार आठवडे संख्या घेणे व छापणे हा विषयच निघत नाही. जीएचसी या संकलकासोबत येणाऱ्या संवादात्मक खिडकीत समीकरणे लिहावीत आणि किंमत विचारावी, एवढे पुरते.

प्रोग्रॅमची सिद्धता

या पद्धतीचा खरा लाभ येथे आहे. दोन याद्या जोडण्याची व्याख्या अशी :

[] ++ र = र
(प : उ) ++ र = प : (उ ++ र)

आता जोडलेल्या यादीची लांबी ही दोन्ही याद्यांच्या लांबींच्या बेरजेइतकी असते, हे विद्यार्थ्यांना सिद्ध करावयास सांगावे. पहिली यादी रिकामी असताना विधान उघडच खरे आहे. ‘उ’साठी ते खरे मानले, तर (प : उ) साठीही खरे ठरते, कारण डाव्या व उजव्या दोन्ही बाजूंस नेमका एक मिळविला जातो. अकरावीत गणिती विगमनाने नैसर्गिक संख्यांच्या बेरजेचे सूत्र सिद्ध करणारा विद्यार्थी येथे तीच रीत प्रोग्रॅमवर चालविलेली पाहतो. चार-पाच उदाहरणे चालवून पाहिली म्हणजे प्रोग्रॅम बरोबर, ही समजूत येथे प्रथम डळमळते.

आक्षेप

नोकरीच्या मुलाखतीत हॅस्केल कोणी विचारीत नाही, हा आक्षेप बहुतांशी खरा आहे, आणि हॅस्केल शिकल्याने नोकरी मिळेल असे विद्यार्थ्यांस सांगू नये. मात्र या पद्धतीतील कल्पना अन्यत्र पोहोचल्या आहेत. गूगलच्या जेफ्री डीन व संजय घेमावत यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मॅपरिड्यूस या रचनेची प्रेरणा लिस्पसारख्या भाषांतील अशाच फंक्शनांची होती. २०१४ मध्ये जावाच्या आठव्या आवृत्तीत लॅम्डा आले. ‘प्रत्येकी’ आणि ‘निवड’ समजलेल्या विद्यार्थ्याला जावातील तो भाग दोन तासांत शिकविता येतो.

अधिक गंभीर आक्षेप वेळेचा आहे. तासिका ठरलेल्या असतात, आणि ‘पुढील प्रोग्रॅमचे उत्तर लिहा’ या धर्तीच्या प्रश्नपत्रिकेत सिद्धतेला जागा नसते. अंतर्गत मूल्यमापन मात्र आपल्या हाती आहे. त्यात मी संगणकाविना, कागदावर सोडवावयाचा एक प्रश्न ठेवतो. व्याख्या दिलेली असते. किंमत ठेवून प्रत्येक पायरी लिहावयाची आणि ती कोणत्या समीकरणावरून आली हे समोर नोंदवावयाचे. दहापैकी आठ गुण पायऱ्यांना आणि दोन उत्तराला.