पाण्याखालची विजयपुरी

आंध्र प्रदेश आणि तेलंगणाच्या सीमेवर कृष्णा नदी अडवून नागार्जुनसागर हा अफाट जलाशय झाला आहे. धरण पाहायला जाणारे पुष्कळ. परंतु या पाण्याखाली एक बौद्ध नगरी आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तिचे नाव विजयपुरी. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकात ती इक्ष्वाकू राजांची राजधानी होती.

१९२६ साली येथील अवशेष उजेडात आले. पुढे लाँगहर्स्ट या अधिकाऱ्याने उत्खनन केले. १०६ फूट व्यासाच्या महाचैत्यात सोन्याची इवलीशी डबी सापडली. तिच्यात अस्थिधातू होता. १९३२ साली तो सारनाथच्या मूलगंधकुटी विहारात पोहोचला.

१९५५ साली पंडित नेहरूंनी धरणाची कोनशिला बसवली. खोरे बुडणार हे ठरले होते. म्हणून १९५४ ते १९६० या काळात पुन्हा मोठे उत्खनन झाले. निवडक वास्तू उचलून नागार्जुनकोंडा टेकडीवर आणि काठावरच्या अनुपू येथे पुन्हा उभारल्या. ती टेकडी आज बेट आहे. तेथील संग्रहालयात लाँचने जावे लागते. बाकीचे खोरे आता फक्त उत्खननकाळच्या छायाचित्रांत दिसते: डोंगरांच्या कुशीत विहारांचे चौथरे आणि खांबांच्या रांगा.

येथील शिलालेख वाचताना ऊर भरून येतो. महाचैत्य उभारण्यात पुढाकार होता चांतिसिरी या राजाच्या बहिणीचा. बोधिसिरी नावाच्या उपासिकेने सिंहलद्वीपाच्या भिक्खूंसाठी चैत्यगृह बांधले. त्या भिक्खूंनी ज्या देशांत धम्म रुजवला, त्यांच्या यादीत अपरांत, म्हणजे आपले कोकणही आहे! बोधिसिरीने आपल्या आप्तांची नावे कोरून घेतली. आणि लेखाच्या शेवटी पाथरवटाचेही नाव आहे: विधिक.

सतराशे वर्षांपूर्वी दगड घडवणाऱ्याचे नाव दगडावर कोरले गेले. आता धरणाच्या बांधकामाची छायाचित्रे पाहा. हे धरण दगडी बांधणीचे. हजारो मजूर स्त्री-पुरुषांनी डोक्यावर दगड वाहून ते उभे केले. त्यांची चित्रे आहेत, पण चित्राखाली नाव नाही. पाण्यासाठी ज्यांनी घरदार सोडले, त्यांचीही तीच गत.

बंधू-भगिनींनो, आपल्या ट्रंकेतही गिरणीतले, गावकीतले, धम्मदीक्षेच्या दिवसाचे एखादे छायाचित्र असेल. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना शेजारी बसवा. कोण कुठे उभे आहे, विचारा. चित्राच्या मागे पेन्सिलीने नावे, गाव आणि साल लिहा. विधिकाचे नाव आपल्यापर्यंत आले, कारण कोणीतरी ते कोरून ठेवले.