लिहून होईपर्यंत हात लावायचा नाही

2024च्या सप्टेंबरात पाषाणच्या हवामानसंस्थेत ‘अर्का’ महासंगणक आला, तेव्हा बातम्यांत त्याचा वेग ठळक होता: 11.77 पेटाफ्लॉप्स. इतकं गणित झाल्यावर ते लिहून कोण ठेवतं, हे बघावंसं वाटलं, म्हणून पुण्यातल्याच एका छोट्या गटात जाऊन बसलो. हवामानाच्या प्रारूपाचं फाइललेखन सांभाळणाऱ्या बाईंनी आधी आकडा सांगितला. “नुसत्या तापमानाचे 40 कोटी बाइट.” हजार गुणिले हजार चौकटी, 50 थर, दर संख्येला 8 बाइट. वाऱ्याच्या प्रत्येक घटकाचे पुन्हा 40 कोटी, आर्द्रतेचे पुन्हा 40 कोटी. साध्या पद्धतीत हे सगळं फाइलीत जाईपर्यंत प्रोसेसर नुसते खोळंबून राहतात.

अनेक प्रोसेसरांना एकत्र काम करू देणाऱ्या ‘एमपीआय’ या मानकात यावरची सोय 1997पासून आहे. ‘आयराइट’ या फंक्शनला बफर, म्हणजे लिहायच्या संख्या ठेवलेला मेमरीचा भाग, सोपवायचा; फंक्शन लगेच परततं आणि त्या कामाची पावती म्हणून एक ‘रिक्वेस्ट’ देतं. पुढच्या तासाचं गणित सुरू करायचं, मग ‘वेट’ करून ते काम संपल्याची खात्री करायची. सगळ्या प्रोसेसरांनी मिळून असं लिहिण्याचा ‘आयराइट-ऑल’ मात्र 2015मध्ये आला.

मग बाईंनी एक जुना नकाशा उघडला. तो काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. सातपुड्याजवळून पूर्व-पश्चिम सरळ रेघ. तिच्या उत्तरेला दुपारी चारचं तापमान, दक्षिणेला पाचचं. लेखन चालू असतानाच कोणीतरी त्याच बफरात पुढचा तास भरला होता. प्रोग्राम पडला नाही, एरर आली नाही. “पडला असता तर बरं झालं असतं हो,” बाई म्हणाल्या. “रेघ दिसली म्हणून कळलं. समुद्रावर असती तर?”

तेव्हापासून त्या दोन बफर ठेवतात: एक लिहिला जातो, दुसरा भरला जातो. किंमत म्हणजे दर राशीमागे मेमरीत आणखी 40 कोटी बाइट. ती त्या बिनतक्रार मोजतात, आणि मला ते पटतं. वेगाच्या जाहिरातींत ही किंमत कधी दिसत नाही.

फायदाही हमखास नाही. काही लायब्रऱ्या मधल्या वेळात जवळपास काहीच लिहीत नाहीत. सारं काम ‘वेट’मध्येच होतं. म्हणून बाई ‘वेट’ला लागलेला वेळ दर रनला वेगळा मोजतात. शिवाय ‘वेट’ संपला म्हणजे बफर मोकळा झाला, एवढंच. मजकूर साठवणीपर्यंत पोचावा म्हणून ‘सिंक’ वेगळा करावा लागतो. त्याला वेळ लागतो, म्हणून नकाशांच्या फाइलींवर त्यांनी तो ठेवलेला नाही. रन पडला तर नकाशे पुन्हा काढता येतात. पडलेला रन जिथून पुन्हा सुरू करायचा, त्या रीस्टार्टच्या फाइलीवर मात्र ‘सिंक’ ठेवला आहे, आणि नवी पूर्ण होईपर्यंत जुनी पुसायची नाही, असं त्यांच्या स्क्रिप्टमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलं आहे.