एक पीक घेताना दुसरे कोणते सोडले?

पनवेल तालुक्यात खाडीकाठी खारजमीन आहे, तर डोंगराच्या पायथ्याशी गोड्या मातीची, निचऱ्याची जमीन आहे. खारजमिनीतील क्षार पावसाने धुऊन जातात, म्हणून खरिपात तेथे भात पिकते. पाऊस सरला की क्षार पुन्हा वर येतात. अशा जमिनीकरिता पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने 'पनवेल-१', 'पनवेल-२' व 'पनवेल-३' ह्या क्षार सहन करणाऱ्या भाताच्या जाती दिल्या आहेत. तरीही, "आमची जमीनच हलकी, आम्हांला लाभ कसला?" असे खारपट्ट्यातील शेतकरी म्हणतो. हे म्हणणे हिशेबाने तपासले पाहिजे.

समजा, दोघे भाऊ आहेत. थोरल्याची दोन एकर जमीन पायथ्याशी आहे. खरिपात तिच्या एका एकरात १६ क्विंटल भात किंवा ४० क्विंटल भाजीपाला होतो. धाकट्याची दोन एकर जमीन खारी आहे. तिच्या एका एकरात १२ क्विंटल भात किंवा अवघा ६ क्विंटल भाजीपाला होतो. दोन्ही पिकांत थोरलाच सरस आहे.

परंतु खरा प्रश्न निराळा आहे. एक क्विंटल भातासाठी थोरल्यास अडीच क्विंटल भाजी सोडावी लागते. धाकट्यास केवळ अर्धा क्विंटल. जे सोडावे लागते त्यास 'संधिव्यय' म्हणतात. भाताचा संधिव्यय धाकट्याचा कमी, म्हणून भातात तुलनात्मक लाभ त्याचा आहे.

दोघांनीही एकेक एकर भात व एकेक एकर भाजी केली, तर एकूण २८ क्विंटल भात व ४६ क्विंटल भाजी होईल. त्याऐवजी धाकट्याने दोन्ही एकरांत भात घ्यावे. थोरल्याने दहा गुंठे भात व सत्तर गुंठे भाजी करावी. भात तेवढेच, २८ क्विंटल; भाजी मात्र ७० क्विंटल! आता धाकट्याने १२ क्विंटल भात देऊन १८ क्विंटल भाजी घेतली, तर दोघांचेही भात पूर्वीइतकेच राहून प्रत्येकाची भाजी १२ क्विंटलांनी वाढते. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ साली इंग्लंडचे कापड व पोर्तुगालची दारू यांच्या उदाहरणाने हेच तत्त्व मांडले होते.

हाच नियम श्रमासही लागू आहे. घरची मजुरी फुकट, असे समजू नये. तळोज्याच्या कारखान्यात मिळणारा रोज सोडून शेतात काम केले, तर तो रोज शेतीच्या खर्चात धरावा.

मात्र एकाच पिकावर विसंबण्यात धोकाही आहे. भाजीचा भाव कोसळतो; बांधास खांड पडून किंवा उघाडी नादुरुस्त होऊन खारे पाणी शेतात शिरते. म्हणून घरापुरते धान्य राखावे, बांध व उघाडी पावसापूर्वी तपासावी आणि वाहतूक व विक्रीची सोय पाहूनच पिकाचे क्षेत्र वाढवावे.

ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी गावातील प्रत्येक प्रकारच्या जमिनीचे एकरी उत्पन्न शेतकऱ्यांसमवेत बसून लिहून काढावे. कोणाचे पीक अधिक, एवढेच विचारून थांबू नये; ते पीक घेताना कोणी किती सोडले, हेही विचारावे. हलक्या जमिनीच्या धन्यासही त्यात आपला मार्ग सापडेल.