मॉर्मन पंथ व त्याचे शेजारी : दोन फोडलेले छापखाने

धर्मच्छळाचा इतिहास लिहूं जाणाऱ्यास एक अडचण हटकून येते. ज्याचा छळ झाला तो आपली कैफियत जिवापाड जपतो; ज्यानें छळ केला तो बहुधा कागद करीतच नाहीं, किंवा केलेला नाहींसा करतो. परिणामीं एकाच पक्षाचें दप्तर संशोधकाच्या हातीं पडतें, आणि तें वाचून दिलेला निवाडा एकतर्फी होतो. उत्तर अमेरिकेंतील मॉर्मन पंथ व त्याचे शेजारी यांच्यामध्यें १८३० पासून १८५७ पर्यंत जो तंटा चालला, त्याची स्थिति मात्र निराळी आहे. तेथें दोन्ही पक्ष लिहिणारे, छापणारे व जबान्या नोंदविणारे होते. या तंट्यांत दोन छापखाने फोडले गेले. एक पंथाच्या शत्रूंनीं फोडला, दुसरा पंथानेंच फोडला. या दोन घटना शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यास तंट्याचें मर्म अधिक स्पष्ट होतें, असें आम्हांस वाटतें.

विषय दूरदेशींचा आहे खरा. तथापि आपल्याकडे तो अगदींच अपरिचित होता असें नाहीं. ह्यू फिंडले नांवाचा या पंथाचा स्कॉटिश प्रचारक १८५१ सालीं मुंबईस उतरला व पुढें पुण्यासही त्यानें प्रचार केला. त्यापूर्वीं वीस वर्षांत त्याच्या पंथावर काय गुदरलें होतें, तें आतां पाहूं.

पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा न्यूयॉर्क संस्थानांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. देवदूतानें दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण एका प्राचीन ग्रंथाचें भाषांतर केलें, असें त्याचें म्हणणें होतें. तो ग्रंथ पाल्मायरा येथें १८३० सालीं छापला गेला. प्रती ५००० निघाल्या. त्याच वर्षीं ६ एप्रिल रोजीं पंथाची स्थापना झाली. शेजाऱ्यांशीं वांकडें येण्याचें बीज या पंथाच्या मूळ सिद्धान्तांतच होतें. इतर ख्रिस्ती लोकांच्या मतें शास्त्र पूर्वींच पूर्ण झालेलें होतें. स्मिथच्या मतें ईश्वराची वाणी अद्याप चालू होती, व ती त्याच्या मुखें चालू होती. केवळ परलोकाविषयींच ती वाणी बोलती, तर शेजाऱ्यांनीं थट्टा करून सोडून दिलें असतें. परंतु १८३१ च्या जुलईंत तिनें मिसूरी संस्थानांतील इंडिपेंडन्स हा गांव हेंच भावी पुण्यक्षेत्र होय, व तेथील जमीन भक्तांनीं खरेदी करावी, असें सांगितलें. ज्यांचीं शेतें तेथें आधींच होतीं, त्यांस हा मजकूर कसा लागला असेल हें सांगावयास नको.

दोन वर्षांत जॅक्सन परगण्यांत सुमारे १२०० मॉर्मन येऊन राहिले. ही वस्ती परगण्याच्या एकंदर लोकसंख्येच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाएवढी होती. नवे लोक बहुशः उत्तरेकडील, गुलाम न बाळगणारे, आपसांतच व्यवहार करणारे आणि एकगठ्ठा मत देणारे. जुने रहिवासी दक्षिणेकडून आलेले, गुलाम बाळगणारे. पंथाचा छापखाना इंडिपेंडन्स येथेंच होता व तेथून डब्ल्यू. डब्ल्यू. फेल्प्स हा एक मासिक काढीत असे. १८३३ च्या जुलईच्या अंकांत त्यानें मिसूरींत येणाऱ्या स्वतंत्र काळ्या लोकांसंबंधीं तेथील कायदा काय आहे तें छापलें. शेजाऱ्यांनीं त्याचा अर्थ, हें काळ्या लोकांस आमंत्रणच आहे, असा घेतला. फेल्प्सनें घाईनें पुरवणी काढून तो अर्थ नाकारला. पण तोंवर वेळ निघून गेली होती.

त्या वेळीं जुन्या रहिवाशांनीं सह्या करून जो जाहीरनामा काढला, तो या तंट्यांतील अव्वल दर्जाचा कागद होय. आपल्याकडील महजराची त्यास उपमा देतां येईल. त्यांत मॉर्मनांच्या दारिद्र्याची व अज्ञानाची निंदा आहे, चमत्कारांच्या दाव्यांची हेटाळणी आहे, गुलामांस फितवितील अशी भीति आहे, आणि थोड्याच दिवसांत परगण्याचा कारभार, कोतवाली व न्यायासन यांच्या हातीं जाईल, हा मुद्दा आहे. परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, या संकटाची कल्पना कायदा करणाऱ्यांस नव्हती, म्हणून कायद्यांत त्यावर उपाय नाहीं, असें तेथें उघड म्हटलें आहे. हें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें त्याचा उपयोग होणार आहे.

२० जुलई १८३३ रोजीं जमावानें छापखान्याची इमारत पाडली, यंत्र बाहेर फेकलें, खिळे विखुरले, आणि एडवर्ड पार्ट्रिज या पंथाधिकाऱ्याच्या अंगास भर चौकांत डांबर फासून वर पिसें चिकटविलीं. त्या वेळीं स्मिथच्या ईश्वरवाणींचा संग्रह छापला जात होता. त्याचीं १६० पृष्ठें झालीं होतीं. मेरी व कॅरोलाइन रॉलिन्स या दोन बहिणींनीं रस्त्यावर पडलेले छापील ताव कवटाळले आणि त्या मक्याच्या शेतांत लपून बसल्या. त्या वांचलेल्या तावांतून बांधलेल्या थोड्याच प्रती आज उरल्या आहेत, आणि ग्रंथसंग्राहक त्यांस रत्नाप्रमाणें मानतात. त्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत सर्व मॉर्मनांस परगण्यांतून हांकलून मिसूरी नदीपार घालविण्यांत आलें.

यापुढील पांच वर्षांची हकीकत लिहितांना केवळ पंथाच्या बखरी पुरत नाहींत. शेजारच्या क्ले परगण्यानें त्यांस प्रथम आश्रय दिला व १८३६ सालीं निघून जाण्यास सांगितलें. मग त्यांच्यासाठींच म्हणून काल्डवेल हा नवा परगणा करण्यांत आला व फार वेस्ट हें गांव वसलें. वस्ती वाढून परगण्याबाहेर पसरतांच तंटा पुन्हां पेटला. ४ जुलई १८३८ रोजीं सिडनी रिग्डन या पुढाऱ्यानें भाषण करून, पुन्हां कोणी अंगावर आल्यास दोहोंपैकीं एक पक्ष निःशेष होईपर्यंत लढूं, अशी भाषा वापरली, आणि तें भाषण छापलेंही गेलें. त्याच उन्हाळ्यांत ‘डॅनाइट’ नांवाची गुप्त टोळी पंथांत उभी राहिली. ६ ऑगस्टला गॅलॅटिन येथें मॉर्मनांस मत देऊं नये म्हणून निवडणुकीच्या जागीं मारामारी झाली. ऑक्टोबरांत मॉर्मन सशस्त्र लोकांनीं गॅलॅटिन लुटून जाळलें. २५ ऑक्टोबरास क्रुकेड नदीवर मॉर्मनांची सरकारी शिबंदीशीं चकमक झाली.

यानंतर दोन दिवसांनीं, २७ ऑक्टोबर १८३८ रोजीं, गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यानें जनरल क्लार्क यास हुकूम पाठविला. मॉर्मनांस शत्रु समजावें, आणि सार्वजनिक शांततेसाठीं जरूर पडल्यास त्यांचा उच्छेद करावा किंवा त्यांस संस्थानाबाहेर हांकून द्यावें, असा त्याचा आशय. ३० ऑक्टोबरास हॉन्स मिल या खेड्यावर शिबंदीच्या लोकांनीं हल्ला करून १७ मॉर्मन मारले. त्यांत सार्डियस स्मिथ हा दहा वर्षांचा मुलगा होता. स्मिथ शरण आल्यावर त्यास गोळी घालण्याची आज्ञा झाली असतां अलेक्झांडर डॉनिफन या शिबंदीच्याच सेनानीनें ती अमलांत आणण्याचें साफ नाकारलें. शत्रुपक्षांतील या एका माणसाचें नांव मॉर्मन आजही कृतज्ञतेनें घेतात.

आतां कागदांकडे येऊं. मिसूरी सरकारनें या प्रकरणांतील पत्रें, हुकूम व जबान्या १८४१ सालीं छापून प्रसिद्ध केल्या. त्यांत उच्छेदाचा हुकूमही आहे. तो लपविण्यासारखा आहे असें त्यांस वाटलें नाहीं, हीच त्या काळच्या मनःस्थितीची उत्तम साक्ष. दुसरीकडे, लिबर्टीच्या तुरुंगांत पडलेल्या स्मिथनें मार्च १८३९ मध्यें अनुयायांस लिहिलें कीं, सोसलेल्या दुःखाची, गेलेल्या मालमत्तेची व छळणाऱ्यांच्या नांवांची नोंद करा. त्याप्रमाणें शेंकडों कैफियती लिहिल्या गेल्या. त्यांत एकर किती, मका किती, गाई किती, घराची किंमत काय, अशी साधी यादी असते आणि खालीं सही. स्मिथनें असे ४९१ दावे वॉशिंग्टनला नेले. १८४० च्या मार्चांत सेनेटच्या समितीनें, हें काम संयुक्त सरकारचें नव्हे, दाद मिसूरींतच मागावी, असा निर्णय दिला. ज्या संस्थानांत पाऊल ठेवण्याची बंदी, त्याच संस्थानाच्या न्यायासनाकडे बोट! त्या कैफियतींपैकीं पुष्कळ आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. भाषणें व वृत्तपत्रें यांहून या याद्या आम्हांस अधिक विश्वासार्ह वाटतात. कारण गाईंची संख्या लिहितांना माणूस वक्तृत्व करीत नाहीं. तथापि त्या भरपाई मिळविण्यासाठीं लिहिलेल्या आहेत, आणि गॅलॅटिन कोणी जाळलें हें त्यांत सांपडत नाहीं.

हद्दपार मॉर्मनांनीं इलिनॉय संस्थानांत मिसिसिपीच्या कांठीं नॉवू शहर वसविलें. १८४० च्या डिसेंबरांत मिळालेल्या सनदेनें त्यांस स्वतःचें न्यायासन व स्वतःची फौज ठेवतां आली. मिसूरींत जें संरक्षण मिळालें नाहीं तें सनदेंत लिहून घ्यावें, हा त्यांचा हेतु समजण्यासारखा आहे. परंतु नगराध्यक्ष, मुख्य न्यायाधीश, सेनापति व पंथाचा प्रेषित हीं सर्व पदें एकट्या स्मिथकडे आलीं, आणि शेजाऱ्यांच्या मनांत पुन्हां तीच भीति उभी राहिली.

पहिला आवाज मात्र पंथांतूनच उठला. विल्यम लॉ व त्याच्या सोबत्यांनीं, स्मिथ गुप्तपणें बहुपत्नीकत्व चालवितो व धर्म आणि राज्य एक करतो, असे आरोप करणारें ‘नॉवू एक्स्पोझिटर’ पत्र ७ जून १८४४ रोजीं काढलें. त्याचा तो एकच अंक. नगरसभेनें १० जूनला तें पत्र म्हणजे सार्वजनिक उपद्रव होय असें ठरविलें; ब्लॅकस्टनच्या कायदेग्रंथाचा आधार घेतला, आणि त्याच संध्याकाळीं स्मिथच्या आज्ञेनें यंत्र रस्त्यांत आणून फोडलें, खिळे विखुरले, कागद जाळले. अकरा वर्षांपूर्वीं इंडिपेंडन्सच्या जमावानें, कायद्यांत उपाय नाहीं म्हणून, छापखाना फोडला होता. येथें नगरसभेनें कायद्यांतून उपाय शोधून काढला. साधनें निराळीं, परंतु दोन्ही ठिकाणीं कारण एकच दिलें गेलें, कीं या छापखान्यामुळें गांवाची शांतता धोक्यांत आहे. गव्हर्नर टॉमस फोर्ड यानें २२ जूनच्या पत्रांत नगरसभेचें कृत्य बेकायदा ठरविलें. स्मिथ स्वाधीन झाला. २७ जून रोजीं कार्थेजच्या तुरुंगांत, सरकारच्या पहाऱ्यांत असतां, तोंडास काळें फासलेल्या जमावानें त्यास व त्याचा भाऊ हायरम यास ठार केलें. १८४५ सालीं पांच जणांवर खटला झाला, पांचही सुटले. त्यांत टॉमस शार्प हा शेजारच्या वॉर्सा गांवच्या वृत्तपत्राचा संपादक होता. छापखाना फोडल्याचा सूड घ्या, असें त्यानेंच छापलें होतें.

१८४६ सालीं मॉर्मनांनीं नॉवू सोडलें व ब्रिगम यंगच्या पुढारपणाखालीं १८४७ च्या जुलईंत ते सॉल्ट लेकच्या खोऱ्यांत पोंचले. तेथें शेजारीच नव्हते असें वाटेल. पण मूळचे इंडियन होते, आणि पश्चिमेकडे जाणाऱ्यांचा रस्ताही होता. १८५७ सालीं संयुक्त सरकारची फौज यूटाकडे निघाली असतां, त्या भीतीच्या वातावरणांत माउंटन मेडोज येथें मॉर्मन शिबंदीनें कांहीं पायूट इंडियनांस हाताशीं धरून आर्कान्सासकडून आलेल्या प्रवाशांच्या तांड्यास वेढलें. पांढरें निशाण दाखवून त्यांचीं शस्त्रें ठेवविलीं, आणि ११ सप्टेंबर रोजीं सुमारे १२० स्त्रीपुरुष व मुलें मारलीं. १७ लहान मुलें तेवढीं वांचलीं. प्रवाशांस जाऊं द्यावें, हें यंगचें १० सप्टेंबरचें उत्तर कत्तलीनंतर पोंचलें. त्याची नक्कल त्याच्या पत्रवहींत आहे. शिक्षा एकट्या जॉन डी. ली यास झाली. १८७७ सालीं त्यास त्याच जागीं गोळी घातली. हाच ली १८३८ सालीं गॅलॅटिनच्या मारामारींत मॉर्मनांच्या बाजूनें लढला होता.

हें सर्व एकत्र वाचल्यावर, छळ झाला नाहीं असें कोणी म्हणेल तर तें खोटें. आणि छळ झालेला पक्ष म्हणून निर्दोष, असें म्हणणेंही तितकेंच खोटें. मतभेद धर्माचा होता, परंतु शस्त्र उचललें गेलें तें जमीन, मत, गुलाम, न्यायासन व शिबंदी कोणाच्या हातीं राहणार या प्रश्नावर. जो पक्ष ज्या ठिकाणीं बहुसंख्य, त्यानें तेथें आपल्या भीतीस कायदा मानलें. म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी कीं, कोणत्याही तंट्याचे कागद जमवितांना ज्याच्याविषयीं आपल्या मनांत कळवळा आहे त्याचेच रुमाल बांधून थांबूं नये. हॉन्स मिलची यादी आणि गॅलॅटिनच्या जाळपोळीची जबानी, दोन्ही एकाच रुमालांत असाव्यात.

बॉग्जचा हुकूम मिसूरीचा गव्हर्नर क्रिस्टोफर बॉण्ड यानें २५ जून १९७६ रोजीं रीतसर रद्द केला व झाल्या अन्यायाबद्दल खेद प्रकट केला. हुकूम निघाल्यापासून रद्द होईपर्यंत १३७ वर्षें लोटलीं होतीं. ज्यांनीं गाई व मका यांच्या याद्या लिहून सही केली होती, त्यांपैकीं कोणीही तो दिवस पाहिला नाहीं. त्यांच्या याद्या मात्र टिकल्या.