अन्सर घराण्याचे संग्रहालय आणि माँटान्यो मार्गावरील रेल्वे

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात, आल्बुकर्की शहराला लागून रिओ ग्रांदे नदीकाठी लॉस रांचोस हे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव आहे. गावाचा कारभार निर्वाचित महापौर व विश्वस्त मंडळ पाहते. या गावी माँटान्यो मार्गावर २००५ साली मोटार शर्यतींत कीर्ती मिळविलेल्या अन्सर घराण्याचे संग्रहालय उघडण्यात आले.

या कीर्तीचा उगम एका गॅरेजमध्ये आहे. जेरी अन्सर १९३६ साली कोलोरॅडोतून सहकुटुंब आल्बुकर्कीस आले व कॅलिफोर्नियाकडे जाणाऱ्या मार्ग क्रमांक ६६ वर त्यांनी मोटार दुरुस्तीचा व्यवसाय सुरू केला. मुलांचा यंत्रांवर हात बसला तो तेथेच. शर्यतीचे वेड मात्र घराण्यात आधीपासूनच होते. कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या शिखरावर मोटारी चढविण्याची स्पर्धा १९१६ साली सुरू झाली. ती मुलांचे काका लुई यांनी नऊ वेळा जिंकली, तर पुतण्या बॉबीने दहा वेळा.

इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत ही अमेरिकेतील सर्वांत मानाची शर्यत होय. तेथे अल अन्सर यांनी चार वेळा (१९७०, १९७१, १९७८, १९८७), बॉबी यांनी तीन वेळा (१९६८, १९७५, १९८१) आणि अल यांच्या मुलाने दोन वेळा (१९९२, १९९४) विजय मिळविला. अल यांचा १९८७ चा विजय विशेष उल्लेखनीय आहे. त्या वर्षी प्रारंभी त्यांच्याजवळ गाडीच नव्हती. दुसरा चालक जखमी झाल्याने त्यांना संधी मिळाली व एका हॉटेलात शोभेसाठी मांडलेली, आदल्या वर्षीची गाडी त्यांच्यासाठी सज्ज करण्यात आली. अठ्ठेचाळिसावे वर्ष पूर्ण होण्यास काही दिवस उरले असता त्यांनी तीच गाडी पहिल्या क्रमांकाने आणली. या यशाला दुःखाचीही किनार आहे. थोरला भाऊ जेरी १९५९ साली सरावाच्या वेळी झालेल्या अपघातात भाजून मरण पावला. त्यानंतर चालकांना अग्निरोधक पोशाख सक्तीचा झाला.

संग्रहालयाजवळ रेल्वे येण्यास नऊ वर्षे लागली. राज्य शासनाने मालवाहू कंपनीकडून जुना लोहमार्ग विकत घेतला आणि जुलै २००६ मध्ये 'रेल रनर' ही प्रवासी गाडी सुरू केली. ती डिसेंबर २००८ मध्ये राजधानी सांता फेपर्यंत पोहोचली. बेलेन ते सांता फे हे अंतर सुमारे १५५ किलोमीटर आहे. गावाचे नाव धारण करणारे स्थानक आरंभापासून होते, परंतु ते बरेच उत्तरेस होते. माँटान्यो मार्गावरील स्थानक २०१४ साली उघडले. तेथे उतरून त्याच मार्गाने पश्चिमेकडे गेले की संग्रहालय लागत असे. मोटारींचे संग्रहालय पाहावयास मोटारीवाचून जाता येऊ लागले, ही गोष्ट मौजेची खरी!

रेल्वेमागे लोकांचा निर्णयही आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये तीन परगण्यांतील मतदारांनी सार्वजनिक वाहतुकीसाठी एक अष्टमांश टक्का कर स्वीकारला. त्याचा मोठा वाटा या गाडीला मिळतो. संग्रहालयाचा आधार मुख्यतः घराण्याचाच होता. बॉबी व अल दोघेही २०२१ साली निवर्तले. पुढे संग्रहालय बंद झाले व संग्रह नेब्रास्का राज्यातील लिंकन येथील वेगाच्या इतिहासाला वाहिलेल्या संग्रहालयाकडे गेला. वस्तू सुरक्षित राहिल्या हे योग्यच झाले. परंतु ज्या शहरात मार्ग ६६ वरील गॅरेज होते, तेथील मुलांना त्या आता शेकडो मैल दूर जाऊन पाहाव्या लागतात. वस्तूचे मोल ती कोठे ठेवली आहे यावरही अवलंबून असते, आणि स्थलांतरात नेमके तेवढेच उणे होते.

माँटान्यो स्थानकावर गाडी थांबते. शहराच्या पश्चिम भागातील एका हमरस्त्यालाही अन्सर घराण्याचेच नाव आहे.